सालीआडचे झाड

(नभोवाणीवरून प्रसारित झालेल्या भाषणाचा संपादित भाग)

मराठी माणसाची देवदाराशी ओळख होते ती कवितेतून, हिंदी चित्रपटांतल्या गाण्यांतून आणि सहलीच्या छायाचित्रांतून. त्याच्या परसात ते झाड नसते. आपल्या सह्याद्रीत जांभूळ आहे, हिरडा आहे, ऐन, अंजन, साग आहे. पण चीड, कैल, देवदार यांपैकी एकही झाड आपल्या डोंगरांत आपणहून उगवत नाही. ही मंडळी हिमालयाची. सुईसारख्या पानांची म्हणून आपण त्यांना सूचिपर्णी म्हणतो.

तरी त्यांच्या कुळातले कुणी ना कुणी आपल्या आसपास असतेच. शाळेत असताना आपण वहीच्या पानांत जी हिरवी, चपटी, नक्षीदार फांदी ठेवत होतो आणि जिला 'विद्या' म्हणत होतो, ती मोरपंखी याच कुळातली. बंगल्यांच्या आवारात ज्याला सरसकट 'ख्रिसमस ट्री' म्हणतात, तो अरौकेरियाही याच कुळातला. तो आला पॅसिफिक महासागरातल्या बेटांवरून. याउलट कोकणच्या किनाऱ्यावरचे सुरूचे बन पाहून आपल्याला वाटते की हे तर नक्कीच सूचिपर्णी. सुरू मात्र त्या कुळातला नाही. तो फुलझाडांपैकी आहे. त्याची 'सुई' म्हणजे पान नव्हे, ती बारीक हिरवी डहाळी. ती सांध्यावर ओढली की तुटते, आणि त्या सांध्यावर भिंगातून पाहिले की दातेरी कडे दिसते. सुरूची खरी पाने म्हणजे तेच दाते.

सुरूच्या नावात मात्र मला नेहमी 'सर्व' ऐकू येतो. फारसी आणि उर्दू कवितेत प्रियेच्या उंच, शेलाट्या बांध्याला 'सर्व'ची उपमा देतात. हा सर्व म्हणजे सायप्रस, अस्सल सूचिपर्णी. फारसी परंपरेत त्याला 'आझाद' म्हणतात. त्याच्यावर फळांचा भार नाही, त्याला पानगळीचे भय नाही, तो कुणाचे देणे लागत नाही, अशी ती कल्पना. मी कविता लिहितो, पदवीही कलाशाखेची. त्यामुळे ही उपमा मी वर्षानुवर्षे तशीच मानत आलो. पुढे वनस्पतिशास्त्राची पुस्तके हातात आली, तेव्हा कळले की सर्वालाही बी येते आणि पाने त्याचीही गळतात. ती सगळी एकदम गळत नाहीत, एवढेच. त्याचा आझादपणा फुकटचा नाही. तो मोठ्या काटकसरीने कमावलेला आहे.

ही काटकसर कशी चालते, ते आज सांगायचे आहे. त्यामागे एक कारण आहे. या झाडांकडून माणूस मुख्यत्वे चार गोष्टी घेतो : लाकूड, राळ, बी आणि साल. यांतली प्रत्येक गोष्ट झाडाच्या शरीरात कुठे असते, झाडाने ती कशासाठी केलेली असते आणि पुन्हा व्हायला किती काळ लागतो, हे कळले म्हणजे किती घ्यावे आणि कुठे थांबावे, हेही कळते.

पानापासून सुरुवात करू. हिमालयात गेलात तर खाली पडलेली चिडाची एक जुडी उचलून सुया मोजा. तीन भरतील. कैलाच्या जुडीत पाच असतात. अनोळखी झाडाची ओळख पटवण्याची ही सोपी खूण. आणखी एक गंमत करून पाहा. जुडीतल्या सुया चिमटीत एकत्र मिटवा. त्यांची मिळून एक गोल काडी होते. म्हणजे प्रत्येक सुई ही त्या काडीची उभी फाक. देवदाराची तऱ्हा निराळी. त्याच्या आखूड डहाळ्यांवर सुयांचे झुबके असतात, तर लांब वाढणाऱ्या फांदीवर त्या एकेकट्या बसतात.

ही सुई आडवी कापून सूक्ष्मदर्शकाखाली ठेवली, की एखाद्या बंदोबस्तातल्या गढीचा नकाशा दिसावा तसे दिसते. बाहेर मेणाचा जाड लेप. त्याखाली जाड भिंतींच्या पेशींचा थर. ज्या छिद्रांतून पान श्वास घेते ती पृष्ठभागावर नसून खाली खळग्यात बसवलेली, म्हणजे वाऱ्याने त्यांच्यातली वाफ ओढून नेऊ नये. आत हिरवा गर, त्यात राळेच्या नळ्या, आणि अगदी मध्यभागी पाणी व साखर वाहून नेणाऱ्या शिरा, त्यांच्याभोवती पेशींचे एक कडे.

एवढा बंदोबस्त कशासाठी? तहानेसाठी. आपल्याला वाटते, बर्फात राहणाऱ्या झाडाला पाण्याची काय वाण? पण जमीन गोठली की मुळांना पाणी शोषता येत नाही. भोवती बर्फाचे ढीग आणि झाड तहानलेले, अशी ती अवस्था असते. त्यात डोंगरावरचे कोरडे वारे आणि स्वच्छ ऊन. रुंद पानाचे झाड अशा वेळी पाने टाकून देते आणि वसंतात नवी काढते. सूचिपर्णी झाडाला दरवर्षी सगळा संसार नव्याने मांडणे परवडत नाही. ते पान असे करते की ते हिवाळ्यातही टिकावे आणि ऊन पडेल तेव्हा थोडेफार कामही करावे.

टिकाऊ पानाची दुसरी बाजूही आहे. ते गळल्यावर लवकर कुजत नाही. चिडाच्या गळलेल्या सुयांना उत्तराखंडात 'पिरूल' म्हणतात. एप्रिल ते जूनमध्ये पिरूलचा जाड थर डोंगरउतारांवर पसरतो. सुयांत राळ असते, ऊन तापलेले असते, आणि एक ठिणगी पुरते. २०१६ आणि २०२४ साली उत्तराखंडात वणव्यांनी जे थैमान घातले, त्याच्या बातम्या आपण वाचल्या. चिडाची साल जाड आणि पापुद्र्यांची असल्यामुळे मोठे झाड बऱ्याचदा वणव्यातून वाचते. शेजारच्या बांज नावाच्या ओकला, ज्याचा पाला गुरांना चालतो, तो मार सोसवत नाही. म्हणून डोंगरातल्या बायका चिडाकडे फारशा मायेने पाहत नाहीत. त्यांचा जीव बांजात.

आता लाकडाकडे वळू. पूर्वी हिमाचलातून सफरचंदे लाकडी पेट्यांतून यायची, पुठ्ठ्याची खोकी नंतर आली. त्या पेटीच्या फळीवर ज्या समांतर रेघा दिसत, तिथे या झाडांचा सगळा कारभार लिहिलेला असतो. आंबा, साग, वड यांच्या लाकडात पाणी नेणाऱ्या रुंद नळ्या असतात. एकाला एक जोडलेल्या नळांसारख्या, टोकांना उघड्या. सूचिपर्णी झाडांत अशा नळ्या नसतात. त्यांचे नव्वद टक्क्यांहून अधिक लाकूड एकाच तऱ्हेच्या पेशींनी बनलेले असते. या पेशी काही मिलिमीटर लांब, केसाहूनही बारीक आणि दोन्ही टोकांना मिटलेल्या असतात. शास्त्रात त्यांना वाहिनिका म्हणतात. एका वाहिनिकेतून दुसरीत पाणी जाते ते भिंतीतल्या बारीक खिडक्यांमधून.

दुष्काळात विहिरीपासून घरापर्यंत माणसांची रांग लावून हंडा हातोहात पुढे देतात, तसे हे काम चालते. फरक इतकाच की ही रांग मेलेल्यांची असते. वाहिनिकेची भिंत पुरी झाली की आतला जीव संपतो आणि ती पोकळी होते. तेव्हाच ती पाणी वाहून नेण्याच्या लायकीची होते. झाडाच्या सर्वांत उंच शेंड्यापर्यंत पाणी पोहोचते ते या मृत पेशींतून.

ही पद्धत संथ आहे, पण थंडीत तिचा गुण कळतो. पाणी गोठले की त्यातली विरघळलेली हवा बुडबुड्यांच्या रूपाने बाहेर पडते. रुंद नळीत बुडबुडा मोठा होतो आणि नळी कायमची बंद पडू शकते. बारीक वाहिनिकेत बुडबुडा बारीकच राहतो आणि बर्फ वितळताना पुन्हा पाण्यात विरून जातो. त्यातूनही एखादी वाहिनिका हवेने भरलीच, तर तिच्या खिडकीतली एक छोटी चकती सरकून भोक बंद करते. चिडाच्या, देवदाराच्या खिडकीत अशी चकती असते. एक घर बंद पडते, गल्ली चालू राहते.

मग झाड जिवंत कुठे असते? मधले लाकूड तर बहुतांशी मृत. बाहेरची खडबडीत सालही मृत. या दोन मेलेल्या थरांच्या मध्ये, सालीच्या आतल्या अंगाला, एक पातळ जिवंत अस्तर असते. त्यातला पेशींचा एक नाजूक थर आतल्या बाजूला नवे लाकूड आणि बाहेरच्या बाजूला नवी अंतर्साल तयार करतो. सुयांनी केलेली साखर या अंतर्सालीतून मुळांपर्यंत उतरते. एवढा प्रचंड देवदार, पण त्याच्या खोडातला जिवंतपणा या पातळ अस्तराच्या आधाराने असतो. म्हणूनच बुंध्याभोवती सालीचे पूर्ण कडे काढले, की झाड उभे राहते आणि उभ्या उभ्या मरते. मुळांची उपासमार होते.

हे अस्तर वसंतात भराभर काम करते तेव्हा रुंद पोकळीचे, फिकट लाकूड तयार होते. पुढे वाढ मंदावत जाते तसे जाड भिंतींचे, गडद लाकूड होते. फिकट आणि गडद मिळून एक वलय, म्हणजे एक वर्ष. देहरादूनच्या वन संशोधन संस्थेच्या संग्रहालयात देवदाराच्या खोडाचा एक आडवा छेद ठेवलेला आहे. ते झाड ७०० वर्षांहून अधिक जगले. त्याची अगदी आतली वलये तयार होत होती तेव्हा आपल्याकडे देवगिरीला यादवांचे राज्य होते.

देवदाराचे मधले लाकूड मृत असले तरी ते कुजू नये म्हणून झाड त्यात सुगंधी तेल साठवते. वाळवी त्याच्या वाटेला सहसा जात नाही. आणि इथेच देवदारावर संकट आले. १८५३ साली मुंबई-ठाणे रेल्वे धावली आणि पुढे देशभर रूळ पसरले. रुळांखाली घालायला न कुजणारे लाकूड हवे होते. साग, साल आणि देवदार ही त्या कामाची झाडे. चिडाचे लाकूड तसेच घातले तर टिकत नसे, त्याला औषध पाजावे लागे. मग देवदाराची खोडे तोडून हिमालयातल्या नद्यांतून खाली सोडण्यात आली आणि उत्तर भारतातल्या लोहमार्गांचे स्लीपर झाली. आपला गाभा सांभाळण्यासाठी झाडाने शतकानुशतके जे तेल जमवले, त्याच तेलापायी ते तोडले गेले.

तिसरी गोष्ट राळ. देवघरात जळणारा कापूर आज बहुतांशी कापराच्या झाडापासून येत नाही. तो टर्पेंटाइनपासून कारखान्यात तयार होतो, आणि टर्पेंटाइन येते चिडासारख्या पाइन वृक्षांच्या राळेतून. चित्रकाराचे टर्पेंटाइन तेच. ते काढून घेतल्यावर उरणारी घट्ट राळ सारंगीच्या गजाला लावतात. ती नसेल तर गज तारेवरून नुसता घसरेल. म्हणजे आरतीला आणि मैफलीला, दोन्हीकडे चिडाची हजेरी असते.

झाडाला मात्र ती ना पूजेसाठी हवी असते, ना संगीतासाठी. चिडाच्या लाकडात आणि पानांत राळेच्या नळ्यांचे जाळे असते. या नळ्यांना आतून जिवंत पेशींचे अस्तर असते आणि त्या पेशी दाब देऊन राळ भरून ठेवतात. साल पोखरणारा किडा आत शिरला किंवा घाव पडला, की राळ तिथे धावते, किड्याला बुडवते, बाहेर ढकलते. मग तिच्यातले टर्पेंटाइन उडून जाते आणि मागे घट्ट खपली राहते. त्या जखमेतून बुरशी शिरत नाही. देवदाराच्या लाकडात एरवी अशा नळ्या नसतात. पण त्याला जखम झाली की तो जखमेपुरत्या नळ्या नव्याने तयार करतो.

कोट्यवधी वर्षांपूर्वी अशीच राळ ओघळली, गाडली गेली आणि तिचा दगड झाला. त्याला आपण अंबर म्हणतो. फारसी-उर्दूत 'कहरुबा', म्हणजे गवताची काडी ओढून घेणारा, कारण कापडावर घासला की तो काडी खेचतो. कहरुब्याच्या तसबीहीचे पिवळसर मणी हातात फिरतात तेव्हा एखाद्या मण्यात मुंगी किंवा डास अडकलेला दिसू शकतो. बाल्टिक समुद्राकाठचा कहरुबा चार कोटी वर्षांच्या आसपासचा आहे. एका झाडाची जखम भरून आल्याची ती निशाणी, झाड गेल्यावरही टिकलेली.

राळ हवी असेल तर झाडाला जखम करणे भागच आहे. प्रश्न असतो तो किती खोल, याचा. जुन्या पद्धतीत चिडाच्या बुंध्यावर साल काढून लाकडात सुमारे अडीच सेंटिमीटरपर्यंत खोल खाच घेत, खाली पत्र्याची पन्हळ आणि पेला लावत. राळ थांबली की खाच पुन्हा ताजी करत. वर्षानुवर्षे ती वर वर सरकत जाई आणि एकेका झाडावर अशा अनेक लांब जखमा होत. पोखरलेला बुंधा वादळात मोडे. वणवा आला की राळेने माखलेली जखम पेट घेई. जाड सालीचे जे कवच झाडाने आगीसाठी केले होते, तेच तिथे उरलेले नसे.

चिपको आंदोलन म्हणजे झाडाला मिठी, एवढेच आपल्याला आठवते. पण १९७७ साली उत्तराखंडातल्या हेंवल नदीच्या खोऱ्यात कार्यकर्त्यांनी आणखी एक काम केले. राळेसाठी चिडाला ठोकलेली लोखंडी पाती त्यांनी उपटून काढली आणि जखमांवर माती लिंपून गोणपाटाच्या पट्ट्या बांधल्या. त्याच खोऱ्यातल्या अडवाणी गावच्या बायकांना जंगल म्हणजे राळ, लाकूड आणि व्यापार असे समजावण्यात आले, तेव्हा त्यांनी उलट सुनावले की जंगल आम्हाला माती, पाणी आणि हवा देते. ज्या चिडावर त्यांची फारशी माया नव्हती, त्यालाही या आंदोलनात मलमपट्टी मिळाली.

पुढे पद्धत बदलली. नव्या पद्धतीत साल खरवडून लाकडात फक्त दोनेक मिलिमीटर खोल, तिरप्या रेघा ओढतात आणि राळ वाहती राहावी म्हणून त्यावर सौम्य आम्ल फवारतात. ही पद्धत निर्दोष नाही. निष्काळजी हातांनी ती केली तर झाड यातही मरते. तरीही अडीच सेंटिमीटर आणि दोन मिलिमीटर यांतला फरक झाडाच्या दृष्टीने मोठा आहे. बरी होणारी जखम आणि न बरी होणारी जखम यांच्यातले ते अंतर आहे.

आता बी. वनस्पतींच्या वंशावळीत सूचिपर्णी झाडे फुलझाडांहून पुष्कळ जुनी. त्यांना फूल नाही, म्हणून फळही नाही. आंब्याची कोय गरात लपते, वाटाणा शेंगेत. पण चिडाचे बी शंकूच्या खवल्यावर उघडे बसलेले असते. म्हणून शास्त्रात यांना अनावृतबीजी म्हणतात. शिमला-मसुरीहून आपण शोभेसाठी आणतो तो लाकडी शंकू म्हणजे या उघड्या बियांचे घर.

याचा प्रारंभ वाऱ्याने होतो. वसंताच्या सुमारास चिडाचे नर शंकू परागांची पिवळी धूळ उधळतात. प्रत्येक परागकणाला दोन बाजूंना हवेच्या दोन पिशव्या असतात. फांदीच्या टोकाशी बसलेल्या इवल्या मादी शंकूच्या खवल्यांत बीजांड एक चिकट थेंब बाहेर धरून वाट पाहते. परागकण त्या थेंबावर टेकतो, थेंब आत ओढला जातो, शंकू मिटतो. आणि मग काय? मग थांबायचे. परागकण पोहोचल्यावर प्रत्यक्ष मीलन व्हायला चिडात सुमारे एक वर्ष जाते. बी तयार होऊन शंकू उघडायला एकूण दोन वर्षांच्या आसपास. आमच्या गझलेतला विरहसुद्धा इतका नेटका नसतो.

शंकूचे उघडणेही पाहण्यासारखे. खवल्याच्या दोन थरांपैकी एक पाण्याने जास्त फुगतो, दुसरा कमी. हवा ओलसर असली की खवले मिटतात, कोरडी झाली की उघडतात. बी पावसात भिजून झाडाखालीच पडू नये, कोरड्या वाऱ्यावर दूर जावे, ही त्यातली योजना. घरातला जुना शंकू तासभर पाण्यात बुडवून ठेवा, तो मिटतो. वाळवा, पुन्हा उघडतो. त्यात जीव उरलेला नसतो, तरी सवय सुटलेली नसते.

या बियांपैकी एक आपण खातो. चिलगोजा. सुक्या मेव्यातल्या सर्वांत महाग जिनसांपैकी तो एक. चिलगोज्याचे पाइन अफगाणिस्तानात, पाकिस्तानात आणि आपल्याकडे मुख्यतः हिमाचलच्या किन्नौरमध्ये वाढतात. तिथे त्याला 'नेओजा' म्हणतात. त्या कोरड्या, खडकाळ मुलखात अनेक कुटुंबांचे वर्षाचे गणित या बियांवर चालते. शंकू उघडण्याआधीच, शरदात, ते झाडावरून उतरवतात. ढीग करून, वाळवून बिया काढतात.

इथेही झाडाची रचना कळणे जरुरीचे आहे. चिलगोज्याचा शंकू पिकायला दोन ऋतुचक्रे लागतात. त्यामुळे एकाच फांदीवर या वर्षी पिकलेला मोठा शंकू असतो आणि पुढच्या वर्षी पिकणारा बोराएवढा शंकूही असतो. काठीला आकडा लावून किंवा कोयत्याने फांदीच तोडली, तर या वर्षीच्या पिकाबरोबर पुढच्या वर्षीचेही पीक खाली येते. दुसरी अडचण म्हणजे हे बी जड. पंखाच्या आधारे दूर उडणारे नाही. बहुतेक सगळे शंकू उतरवले गेले तर जमिनीवर बीच पडत नाही. किन्नौरच्या जंगलांत म्हातारी झाडे दिसतात आणि त्यांची रोपे क्वचितच दिसतात, ही अभ्यासकांची चिंता आहे. काही झाडांवरचे शंकू मुद्दाम राखून ठेवावेत, हा त्यावरचा साधा उपाय. पण ज्याच्या घरचा हिवाळा त्या पोत्यावर अवलंबून आहे त्याला तो सांगताना, राखलेल्या शंकूची किंमत त्याला कोण देणार, याचेही उत्तर द्यावे लागेल. दुकानात भाव विचारणाऱ्या आपल्यालाही.

शेवटची गोष्ट सालीची. हिमालयात देवदारांच्या सावलीत एक ठेंगणे, गडद झाड वाढते. उत्तराखंडात त्याला थुनेर म्हणतात; इंग्रजीतले यू. हे या कुळातले विक्षिप्त. त्याच्या लाकडात राळेच्या नळ्या नाहीत, त्याला लाकडी शंकू नाही. नर आणि मादी झाडे वेगळी. मादीच्या झाडावर एकेकटे बी असते आणि त्याभोवती लाल, मऊ, गोड वाटी. ती पाखरे खातात आणि बी दूर नेऊन टाकतात. त्या लाल वाटीखेरीज झाडाचा सगळा भाग विषारी. राळ नाही, म्हणून त्याने संरक्षणासाठी विष निवडले.

त्या विषातूनच औषध निघाले. १९६२ साली अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या यू वृक्षाची साल कर्करोगाच्या औषधाच्या शोधात तपासणीसाठी गोळा झाली. तिच्यातले द्रव्य वेगळे करून त्याची रचना १९७१ साली जगापुढे मांडली ती मन्रो वॉल आणि मनसुख वाणी यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी. हे वाणी आपल्या नंदुरबारचे. १९२५ साली तिथे जन्मले, मुंबई विद्यापीठात रसायनशास्त्र शिकले, अमेरिकेत गेले आणि २०२० साली वारले. त्यांच्या टॅक्सॉलची किमया काय, ते १९७९ साली सुझन हॉर्विट्झ यांनी दाखवले : पेशी दुभंगताना तिच्या आत जे सूक्ष्म तंतू उभे राहतात आणि मोडतात, त्यांना हे द्रव्य मोडूच देत नाही, पेशीचे विभाजन अडते. डिसेंबर १९९२मध्ये अमेरिकेत बीजांडकोशाच्या कर्करोगासाठी त्याला मान्यता मिळाली.

पण एक किलो औषधासाठी सुमारे दहा हजार किलो साल लागत असे, म्हणजे हजारो झाडे. साल काढली की झाड मेलेच, आणि हे झाड वाढते अतिशय संथ. मागणी हिमालयापर्यंत आली आणि थुनेरची सोलणी सुरू झाली. १९९५ साली त्याच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर नियंत्रण आले. आज त्याची गणना धोक्यात आलेल्या वृक्षांत होते.

माझ्या थोरल्या बहिणीला, आम्ही तिला आपा म्हणतो, काही वर्षांपूर्वी हे औषध शिरेतून दिले गेले. एका वेळेला तीन तास. थेंब पडताना पाहत बसायचे. ते झाडापासून आले आहे असे मी तिला सांगितले, तेव्हा तिने विचारले, "मग त्यासाठी झाड मारतात का रे?" आजारी माणसाला असला प्रश्न पडावा, याचे मला नवल वाटले. सुदैवाने माझ्याकडे बरे उत्तर होते. फ्रान्समध्ये पिएर पोतिए आणि त्यांच्या सहकाऱ्यांना यूच्या पानांत, म्हणजे सुयांत, एक जवळचे द्रव्य सापडले. त्यावर प्रयोगशाळेत थोडे संस्कार केले की टॅक्सॉल तयार करता येते. शिवाय आता यूच्या पेशी मोठ्या भांड्यांत वाढवूनही औषध काढतात. सुया छाटल्या तर नव्या येतात. साल सोलली तर झाड संपते. औषध तेच, रुग्ण तोच. फक्त हात झाडाच्या कुठल्या भागाला लागला, एवढाच फरक. त्या फरकाने झाडही वाचते आणि माणूसही. आपा आज बरी आहे.

श्रोतेहो, आपल्यापैकी पुष्कळजण सुटीत कुलू-मनालीला, शिमल्याला जातात. तिथल्या देवदारांच्या बुंध्यांवर सुरीने कोरलेली नावे दिसतात, त्यांत मराठी नावेही असतात. बदाम आणि बाण असतात. झाड उंच होईल तसे नाव वर जाईल, असे कोरणाऱ्याला वाटत असावे. तसे होत नाही. झाडाची उंची शेंड्याकडे वाढते. बुंध्यावरचे नाव आहे त्याच उंचीवर राहते. सुरी जाड सालीतून आत गेलीच, तर ती थेट त्या पातळ जिवंत अस्तरावर चालते. त्याच्या काठाने झाड वर्षानुवर्षे नवे लाकूड आणि नवी साल आणत राहते आणि जखम हळूहळू बुजवते. कोरणारे त्या गावी पुन्हा कधी येत नाहीत. झाड मात्र त्यांचे अक्षर भरून काढण्याचे काम करत उभे असते. त्या झाडाशी ओळख ठेवायची असेल तर खाली पडलेली एक सुयांची जुडी उचलून आणावी. ती झाडाने आपणहून टाकलेली असते.